मोटारीची नाडी

दिवाळसणाला आलेला जावई रुसला किंवा भररस्त्यात मोटार बंद पडली, म्हणजे सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाही. चामोर्शीहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची जुनी मोटार पहिल्यांदा बंद पडली, तेव्हा धानाच्या बांधावरून चार माणसे आली, सायकलवरून दोन आली आणि बैलबंडी थांबवून एक आजोबा आले. एकाने ‘कचरा आला’ म्हणून सांगितले. दुसऱ्याने ‘कॉइल गेली’ असा निकाल दिला. तिसऱ्याच्या मते पेट्रोलात पाणी होते, चौथ्याच्या मते प्लग काळे झाले होते. आजोबांनी मोटारीभोवती एक फेरी मारली आणि ‘म्हातारी झाली बिचारी’ एवढेच म्हणून ते बंडीवर चढले. एकूण पाच निदाने झाली. त्यांतले प्रत्येक खरे असू शकत होते. परंतु एकानेही प्रश्न म्हणून काही विचारला नाही, आणि निदान करणाराच्या हातून होणारी पहिली चूक नेमकी हीच असते. हे आज मी मोठ्या शहाणपणाने लिहितो आहे खरा. पण या प्रकरणात सर्वांत मोठी चूक माझीच झाली, ती ओघाने पुढे येईलच.

ही मोटार माझ्या काकांची. काका चामोर्शीस वैद्यकी करीत. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरापासून वेगळा झाला. त्यापूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणचे काम म्हणजे इकडच्या माणसास थेट चांद्याची वारी. रस्ते अरुंद, मध्ये वैनगंगा, दोन्ही बाजूंना सागाचे आणि बांबूचे जंगल, आणि पावसाळा लागला की कोणता नाला केव्हा वाट अडवील याचा नेम नसे. अशा मुलखात काकांची मोटार ही त्यांच्या एकट्याची कधीच नव्हती. अडलेल्या बाळंतिणी तिच्यातून गेल्या, तापाने फणफणलेली पोरे गेली, आणि मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला आळीतल्या म्हाताऱ्याही तिच्यातूनच गेल्या. काका वारले आणि मोटार आमच्या अंगणात आली. तिची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घेत आम्ही ती जपली. अशी मोटार बंद पडू लागली, म्हणजे घरात यंत्र बिघडल्याचे दुःख होत नाही. वडीलधारे माणूस अंथरुणास खिळल्यासारखे वाटते.

त्या काळजीच्या दिवसांत मी मोटारींचा इतिहास वाचावयास घेतला. वाचता वाचता असे ध्यानात आले की मोटार चालण्याचा इतिहास आणि मोटार बंद पडण्याचा इतिहास हे दोन नव्हेतच. मोटार बंद पडली, कोणीतरी ती का बंद पडली याचा शोध लावला, आणि त्या शोधातून मोटारीस एक नवा अवयव मिळाला, असेच पुन्हा पुन्हा घडत आले आहे.

कार्ल बेन्झ या जर्मन गृहस्थाने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी गाडीसाठी पेटंटचा अर्ज केला. गाडी तयार होती, परंतु ती घेऊन लांब जाण्याचे धाडस कोणी करीत नव्हते. ते केले त्याच्या पत्नीने. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेन्झ यांनी नवऱ्यास न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्त्सहाइम या आपल्या माहेरगावाची वाट धरली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली. बाईंनी टोपीची टाचणी काढून ती मोकळी केली. एका तारेवरचे वेष्टण झिजून वीज भलतीकडे जाऊ लागली. तेव्हा मोजा बांधावयाचा रबरी पट्टा काढून तिच्यावर गुंडाळला. इंधन संपले, तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढावयाचे लिग्रॉइन विकत घेतले. ब्रेकचे लाकूड झिजले, त्यास एका चांभाराकडून कातडे लावून घेतले.

जगातल्या या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासात बाईंनी दोन दुखणी ओळखली. एक इंधन न पोचण्याचे, दुसरे ठिणगी न पडण्याचे. आज सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली, तरी बंद पडणाऱ्या जुन्या पेट्रोलगाडीची दुखणी बहुतेक या दोन घरांतच राहतात. तिसरे एक घर आहे, ते हवेचे. हवा दिसत नाही म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

वास्तविक मोटार पेट्रोलपेक्षा हवेवरच अधिक जगते. एक किलो पेट्रोल नीट जळावयास सुमारे पंधरा किलो हवा लागते. हवा हलकी, म्हणून एका लिटर पेट्रोलास सुमारे नऊ हजार लिटर हवा, असा हिशेब पडतो. या दोहोंचे मिश्रण करणारा अवयव म्हणजे कार्बोरेटर. आरंभी पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा खेळवून तिची वाफ नुसती उचलून घेत. त्यामुळे थंडीवाऱ्याप्रमाणे मिश्रण पातळ-घट्ट होई आणि यंत्र रुसे. १८९३ साली विल्हेल्म मायबाख याने बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्बोरेटर केला. आत वेगाने शिरणारी हवा पेट्रोल आपल्याबरोबर ओढून नेते, हे त्यातले तत्त्व. अत्तरदाणीचा रबरी गोळा दाबला असता फवारा उडतो, तसलेच हे काम. त्याच्या पोटातल्या वाटीत पेट्रोलची पातळी सांभाळणारा एक तरंगता डबा असतो, त्यास मिस्त्री ‘फ्लोट’ म्हणतात. आणि तोटीचे भोक इतके बारीक की गंजाचा एक कण तिथे अडकला तरी एवढी थोरली मोटार जागच्या जागी उभी राहते. ‘कचरा आला’ म्हणतात तो हाच.

ठिणगीची कथा अमेरिकेतली आहे. चार्ल्स केटरिंग या इंजिनियराने तयार केलेली बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जुळणी १९१०च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींत आली. बॅटरीची अल्पशी वीज कॉइलमध्ये शिरते. पॉइंट उघडले की तीच हजारो व्होल्टची होऊन प्लगच्या टोकाशी ठिणगी पाडते. चार सिलिंडरांचे यंत्र मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर मिनिटाला सहा हजार ठिणग्या, म्हणजे सेकंदाला शंभर. हे पॉइंट जळू नयेत आणि ठिणगी जोमदार पडावी म्हणून त्यांच्या शेजारी करंगळीच्या पेराएवढी एक डबी बसविलेली असते, तिचे नाव कंडेन्सर. ही डबी पुढे पुन्हा आपल्या गोष्टीत येणार आहे.

याच केटरिंगच्या दुसऱ्या शोधामागे एक बंद पडलेली मोटार आहे. डेट्रॉइटजवळच्या बेल आइल पुलावर एका बाईंची मोटार बंद पडली. बायरन कार्टर नावाचे गृहस्थ मदतीस धावले आणि पुढचे हँडल फिरवू लागले. हँडल उलटे फिरून त्यांच्या जबड्यावर बसले. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत, असे सांगतात. ते साल १९०८. कार्टर हे कॅडिलॅकच्या प्रमुखांचे, हेन्री लेलंड यांचे स्नेही. हँडलावाचून मोटार सुरू झाली पाहिजे असा ध्यास लेलंड यांनी घेतला. केटरिंगने विजेवर फिरणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये तो आला. आपण ‘सेल्फ मारतो’ तो हा सेल्फ. त्याच्यामागे एका परोपकारी माणसाचे मरण आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबईस मोटारी आल्या त्या १८९८ साली, आणि पहिल्या मालकांत जमशेटजी टाटांचे नाव घेतात. परंतु मोटार विकत घेणे निराळे आणि घडविणे निराळे. १९३०नंतरच्या दशकात विश्वेश्वरय्यांनी मुंबईत मोटारीचा कारखाना काढण्याची योजना मांडली. ती इंग्रज सरकारच्या उदासीनतेमुळे रखडली, तेव्हा तिच्यामागे चिकाटीने लागले ते सोलापूरचे वालचंद हिराचंद. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या या माणसाने जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही कारखान्यांची स्वप्ने एकाच आयुष्यात पाहिली. १९४४ साली त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून जुळणी केलेल्या मोटारी बाहेर पडल्या. तिकडे बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२चीच; तिची अँबॅसडर १९५७-५८च्या सुमारास रस्त्यावर आली. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीपा जोडावयास घेतल्या, आणि त्या जीपा पुढे जंगलखात्याच्या नि ठेकेदारांच्या हाताने आमच्या आलापल्ली-सिरोंच्याच्या बाजूस ओळखीच्या झाल्या. कुर्ल्याची फियाट पुढे १९७४पासून ‘पद्मिनी’ या राणीच्या नावाने नांदू लागली.

या मोटारींची थट्टा पुष्कळ झाली. नमुने मोजके, मागणी फार, आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. एकच नमुना किरकोळ फेरफार करून तीन-चार दशके निघत राहिला. पद्मिनी २०००च्या सुमारास थांबली, अँबॅसडर २०१४ साली. ही आपल्या उद्योगाची उणीव होती यात शंका नाही. तथापि या उणिवेच्या पोटी एक गोष्ट चांगली निपजली. मोटार बदलत नव्हती, त्यामुळे तिची विद्या हळूहळू झिरपत खाली आली. मुंबई-नागपूरच्या कारखान्यात शिकलेला पोरगा चांद्याला आला, त्याच्या हाताखालचा मूलला गेला, त्याच्या हाताखालचा आमच्याकडे आला. सडकेच्या कडेला, चिंचेच्या सावलीत, एक पान्ह्यांची पेटी आणि एक फाटके गोणपाट घेऊन बसलेला मिस्त्री हा या दीर्घ इतिहासाचा शेवटचा वारस. त्यास घर्षणाचे किंवा बाष्पाचे नियम कोणी शिकविले नव्हते. पण वैद्याने नाडी पाहावी तसा तो मोटारीचा आवाज ऐके.

काका वैद्य असल्यामुळे आमच्या घरी माधवनिदान होते. रोगाची ओळख पटविण्याची पाच साधने आपल्या आयुर्वेदाने सांगितली आहेत. निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे आधीची चाहूल, रूप म्हणजे लक्षण, उपशय म्हणजे कशाने आराम पडतो ते, आणि संप्राप्ती म्हणजे रोग कोणत्या वाटेने वाढला ते. जुन्या मिस्त्र्यांची रीत पाहिली म्हणजे नवल वाटते. ते नकळत हीच पाच पावले टाकीत असतात.

उदाहरणार्थ, मोटार कशी मरते? दिवा मालवावा तशी एकदम मरते, की हुचके देत, धक्के खात मरते? एकदम मेली तर संशय ठिणगीवर. हुचके देत मेली तर इंधनावर. केव्हा मरते? थांबली आणि पाय उचलला की मरत असेल, तर कार्बोरेटरची हळू चालीची बारीक तोटी पाहावी. रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी मरत असेल, तर टाकीत पाणी किंवा तारांवर ओल. चढावर मरत असेल, तर पेट्रोल पुरे पडत नाही.

आमच्या बाजूस या यादीत उन्हाळ्याची मोठी भर पडते. वैशाखात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो, हे वाचक वर्तमानपत्रांत वाचतातच. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण. त्यातले हलके अंश ३५-४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. जुन्या मोटारीत टाकी मागे आणि पेट्रोल ओढणारा पंप, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेतला ‘एसी पंप’, पुढे तापलेल्या यंत्राच्या कुशीत बसविलेला. नळीत पेट्रोलची वाफ झाली की पंप वाफच ओढीत बसतो आणि मोटार उपाशी मरते. विशेषतः तापलेली गाडी चहासाठी दहा मिनिटे उभी केली आणि मग सेल्फ मारला, की हा प्रकार हमखास. यावर उपाय म्हणून पंपावर ओले फडके गुंडाळून त्यावर थोडे थोडे पाणी घालीत. अमेरिकेतले मोटारवाले याच कामासाठी नळीला कपडे वाळत घालावयाचे लाकडी चिमटे लावीत. त्या चिमट्यांनी खरोखर किती गुण येई हा वादाचा विषय आहे. ओल्या फडक्याच्या गुणाविषयी मात्र वाद नाही. माठातले पाणी ज्या नियमाने गार होते, त्याच नियमाने ते फडके पंपास गार करते.

पण येथेच फसगत होते. ती करंगळीच्या पेराएवढी डबी, कंडेन्सर, जुनी झाली की तीही गरम झाल्यावरच दगा देते. गाडी गार असता उत्तम चालते, दहा-पंधरा किलोमीटरांवर मरते, अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा सुरू. कॉइलचेही तेच. म्हणजे वाफ झाली तरी हेच रूप, कंडेन्सर गेला तरी हेच रूप. ओले फडके बांधून अर्धा तास थांबणारास वाटते फडक्याने गुण आला. वास्तविक गुण अर्ध्या तासाने आलेला असतो. असा मनुष्य मग वर्षभर फडकी बदलीत राहतो.

म्हणून जाणता मिस्त्री मोटार मेली त्याच क्षणी दोन गोष्टी पाहतो. प्लगची तार काढून तिचे टोक यंत्राच्या लोखंडाजवळ धरतो आणि दुसऱ्यास सेल्फ मारावयास सांगून ठिणगी पडते का बघतो. ती पडत असेल, तर कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडून पेट्रोलची पिचकारी येते का बघतो. अर्थात ही दोन्ही कामे एकाच वेळी करावयाची नाहीत आणि जाणत्यावाचून करावयाची नाहीत. पेट्रोल आणि ठिणगी यांची गाठ यंत्राबाहेर पडू नये. मोटार गार होऊन पुन्हा सुरू झाली, की साक्षीदार उलटला असे समजावे. मग कितीही उलटतपासणी करा, ती म्हणते मला काहीच झाले नव्हते.

१९८३ साली मारुती आली आणि युग पालटले. पुढे धुराचे नियम कडक झाले. २०००च्या आरंभी देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, आणि त्याच सुमारास नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जाऊन त्याची जागा संगणकाच्या हुकमाने फवारा उडविणाऱ्या यंत्रणेने घेतली. या गाड्या क्वचितच बंद पडतात, आणि पडल्या तर स्वतःच आपल्या दुखण्याचा आकडा सांगतात. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदतही संपली. दरम्यान पेट्रोलही पूर्वीचे राहिले नाही. २००१ साली आपल्याच मिरज आणि मनमाड येथे पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग झाले. २०२२ साली देशभरच्या मिश्रणाचे प्रमाण १० टक्क्यांवर गेले, २०२५ साली २० टक्क्यांवर. उसाच्या आणि धान्याच्या या मद्यार्काने परदेशी तेलाची आयात वाचते. परंतु त्यास पाण्याची ओढ मोठी; ओलावा तो शोषून घेतो, आणि पाणी फार झाले म्हणजे त्यासह टाकीच्या तळाशी उतरून बसतो. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांनाही तो मानवत नाही.

आमच्या मोटारीचे दुखणे सुरू झाले ते या वाटेने. आषाढातला पाऊस. टाकीचे झाकण जुने, ढिले झालेले. त्यातून पाणी आत गेले आणि ती बंद पडली. टाकी उतरवून धुतली, पेट्रोल बदलले, मोटार बरी झाली. पुन्हा पाणी शिरू नये म्हणून मी सायकलच्या जुन्या ट्यूबची एक चकती कापली आणि झाकणाच्या आतून घट्ट बसविली. ही कारागिरी मी शेजाऱ्यांस बोलावून दाखविली, हे कबूल केले पाहिजे.

श्रावणापासून नवेच दुखणे जडले. मोटार चालता चालता हुचके देई आणि उभी राही. वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप सुरू होई. बहुतेक वेळा हे पेट्रोल भरून निघाल्यावर थोड्याच अंतरावर घडे. तेव्हा मला काय वाटावे? पेट्रोलात भेसळ! मी थेट पंपावर गेलो. तिथे पेट्रोल सोडणारा मुलगा माझाच जुना विद्यार्थी. चार गिऱ्हाइकांच्या देखत मी त्यास नको ते बोललो. तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, “गुरुजी, बाकी कोनाचीच गाडी बंद नाही पडली.” सबंध प्रकरणातला पहिला खरा पुरावा तो होता, आणि वर्गात उलट उत्तर देणाऱ्या मुलास गप्प करावे, तसा मी तो गप्प केला.

भाद्रपदातल्या एका रात्री आईस दम्याचा जोर झाला. मोटारीत घालून गडचिरोलीस निघालो. आदल्याच दिवशी टाकी काठोकाठ भरली होती. गाव मागे पडले, जंगल लागले आणि मोटार हुचके देऊ लागली. पावसाची बारीक झड, दिव्यांच्या उजेडात समोरचा ओला रस्ता, आणि मागच्या बाकावर आईचा श्वास. मी बॉनेट उघडून नुसता उभा राहिलो. काय पाहावे तेच कळेना. दैवाने मागून एक जीप आली, तिने आईस इस्पितळात पोचविले. आई बरी झाली. दुसऱ्या दिवशी टोचन करून मोटार अंगणात आणली आणि घरात एकमताने ठरले की ती भंगारात द्यावी. काकूंनी मात्र त्या दिवशी जेवण केले नाही.

भंगारवाल्यास निरोप धाडण्यापूर्वी मी काकांच्या वेळच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी धंदा सोडलेला. मी आपला कॉइल, कचरा, भेसळ असे सांगू लागलो. त्यांनी हात वर केला.

“गुरुजी, गाडी कायनं बंद पडते थे मंग पाहू. कवा बंद पडते थे पयले सांगा.”

मला सांगता येईना. तेव्हा त्यांनी एक वही करावयास सांगितले. महिनाभर, गावाबाहेर फार न जाता, मी ती लिहिली. वार, वेळ, ऊन की पाऊस, टाकीत पेट्रोल किती, किती किलोमीटरांवर मेली. शाळामास्तरास वह्यांचे वावडे नसतेच. महिन्याअखेर ती वही मिस्त्रींनी नातवाकडून वाचून घेतली आणि ते हसले. वहीत तीन गोष्टी होत्या. मोटार भर दुपारी कमी मरत होती आणि गार संध्याकाळी अधिक, म्हणजे वाफेचे दुखणे नव्हे. हुचके देऊन मरत होती, म्हणजे ठिणगीचे नव्हे. आणि टाकी भरली असली की लौकर मरत होती, अर्धी असली की उशिरा.

“भरली का लौकर मरते? मंग हा रोग पेट्रोलचा नाही, हवेचा आहे.”

टाकी भरून आम्ही निघालो. दहाव्या किलोमीटरवर मोटारीने हुचका दिला. मिस्त्री खाली उतरले. बॉनेटकडे गेलेच नाहीत. मागे गेले आणि त्यांनी टाकीचे झाकण फिरविले. आत हवा शिरल्याचा लांब ‘फुस्स’ असा आवाज झाला. मोटार पहिल्या सेल्फला सुरू झाली. मग त्यांनी माझी ती कौतुकाची रबरी चकती नखाने उचकटून काढली. तिच्याखाली झाकणास टाचणीच्या टोकाएवढे भोक होते, मूळ कारखान्याने ठेवलेले. टाकीतून जेवढे पेट्रोल जाते तेवढी हवा आत यावी लागते. ती या भोकातून येते. भोक बुजले की आत पोकळी होते, ती पेट्रोल मागे ओढून धरते आणि पंपाचे काही चालत नाही. भरल्या टाकीत हवेला जागा थोडी, म्हणून पोकळी लौकर. उन्हात पेट्रोलची वाफ ती पोकळी थोडीफार भरून काढी, म्हणून दुपारी आराम. पंपावर झाकण उघडले की तेवढ्यापुरता गुण, आणि टाकी भरून निघाले की पुन्हा तेच. उपशय पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढे होता. मी त्यालाच रोग समजलो.

घरी आलो तो आई अंगणात चकलीच्या तळणासाठी तेलाचा नवा डबा फोडीत होती. एका कोपऱ्यास खिळ्याने भोक पाडले, मग समोरच्या कोपऱ्यास दुसरे पाडले. मी तिला झाकणाची सारी कथा सांगितली. ती शांतपणे डबा कलता करीत म्हणाली, “एका भोकानं तेल गुडगुड करतं, हे तुला लहानपणापासून दिसत नव्हतं काय रे? एवढ्यासाठी मिस्त्री लागला?”

धनत्रयोदशीस फराळाचा डबा घेऊन मी पंपावर गेलो. मोटार न्यावी की पायी जावे, असा विचार केला. मग मोटारच नेली. गिऱ्हाइके होतीच. ज्या आवाजात मी त्या मुलास बोललो होतो, निदान तेवढ्या तरी आवाजात चूक कबूल करावी असे ठरवून गेलो होतो. तेवढा आवाज निघाला नाही, पण कबूल केली. त्याने डबा घेतला, नमस्कार केला, आणि टाकीचे झाकण उघडून आतून बाहेरून नीट न्याहाळले.

“भोक मोकळं आहे ना गुरुजी?” तो म्हणाला. “मंग किती टाकू?”

मी म्हटले, “भर पूर्ण.”